सुट्टी गड्ड्यापर्यंत पोचू द्या

माझी मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सत्र परीक्षा संपली की डिसेंबरच्या सुट्टीत पंधरा दिवसांचा कौशल्य-वर्ग होईल आणि त्याला हजेरी सक्तीची असेल, असं तिच्या कॉलेजने गेल्या आठवड्यात पालकांना कळवलं. तेव्हापासून पालकांच्या ग्रुपवर जे चाललंय ते वाचून मी अस्वस्थ आहे. अर्धे पालक म्हणतात, मुलं घरी येऊन अकरापर्यंत लोळतात आणि दिवसभर मोबाईल बघतात, त्यापेक्षा चार गोष्टी शिकलेल्या बऱ्या. उरलेले म्हणतात, मुलांना सणवार, नातीगोती, संस्कार काही उरले नाहीत, त्यांना घरी पाठवा. भांडण जोरात आहे, पण मुलांबद्दलची दोघांची समजूत एकच आहे. वीस वर्षांचं माणूस म्हणजे रिकामं भांडं, आणि त्यात कोडिंग ओतायचं की संस्कार, एवढाच काय तो वाद. त्या भांड्याला कुणी विचारलेलं नाही.

माझं मत असं : ही सुट्टी सक्तीच्या प्रत्येक कामापासून मोकळी असावी, सलग तीन-चार आठवड्यांची असावी, आणि सोलापूरसारख्या गावाकडे परतणाऱ्या मुलांसाठी ती संक्रांतीपर्यंत, म्हणजे आमच्या गड्ड्यापर्यंत, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेपर्यंत पोचावी. शाळेत असताना मूल घरात राहतं, पण घराच्या कारभारात नसतं. बारावीनंतर ते बाहेर पडतं. नोकरी लागली की दिवाळीला तीन दिवस येतं, तेही पाहुण्यासारखं. आपणच त्याला ताट आयतं वाढतो आणि स्टेशनवर सोडून येतो. मधली तीन-चार वर्षंच अशी आहेत, की ते मोठं माणूस म्हणून घरात आणि गावात काही दिवस राहू शकतं. म्हणजे हिवाळ्याच्या तीन-चार सुट्ट्या. एवढंच भांडवल आपल्या हातात आहे.

गेल्या वर्षीचं सांगतो. ती हुतात्मा एक्स्प्रेसने आली, रात्री दहाच्या सुमाराला उतरली. पहिले पाच दिवस तिने नुसती झोप काढली. ग्रुपवर तक्रार करणाऱ्यांनी इथपर्यंतच पाहिलेलं असतं. सहाव्या दिवशी आमच्या भागात पाणी यायचं होतं. सोलापुरात पाण्याचा दिवस काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर अख्ख्या घराचं वेळापत्रक फिरतं. भल्या पहाटे ती आईबरोबर पाणी भरायला उठली आणि तिच्या लक्षात आलं, की आई भरलेली बादली उजव्या हाताने उचलतच नाही. खांदा सहा महिने धरलेला होता. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून फोनवर आम्ही तिला काही बोललो नव्हतो. ती त्याच दिवशी आईला दवाखान्यात घेऊन गेली, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले, व्यायाम लिहून आणले आणि परत जाईपर्यंत रोज सकाळी करून घेतले. मी तो खांदा सहा महिने रोज बघत होतो. मला तो दिसला नव्हता.

त्याच आठवड्यात तिने तिच्या शैक्षणिक कर्जाचे कागद कपाटातून काढायला लावले. 'पप्पा, शिकायलोय तवरच व्याज चढायलंय का?' असं विचारलं. चढत होतं. दुपारभर बसून तिने वहीत हिशेब मांडला : आत्ताच दरमहा व्याज भरत गेलो तर पुढे हप्ता किती कमी बसेल, त्यासाठी घरातला कोणता खर्च थांबवता येईल, तिच्या स्वतःच्या खर्चातून काय कमी होईल. घरातल्या पैशाबद्दल आमच्यात झालेलं ते पहिलं सरळ बोलणं. अठरा वर्षं मी तिला 'तू फक्त अभ्यास कर' एवढंच सांगत आलो होतो आणि त्यालाच प्रेम समजत होतो. कोणत्या वर्गात हे शिकवता आलं असतं?

मग हुरडा. मंगळवेढ्याकडे माझ्या मेहुण्यांची काळी रानं आहेत. ज्वारीचं कोठार म्हणून तो भाग ओळखला जातो आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शेतात आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, शेंगाची चटणी आणि गूळ घेऊन तिथंच मातीत बसून खायची. मुलीबरोबर तिच्या दोन मैत्रिणी होत्या, एक तेलुगू बोलणारी पद्मशाली घरातली, दुसरी उर्दू बोलणारी. तिघी शाळेत एका बाकावर बसायच्या. खाताखाता तिने मामाला विचारलं, की यंदा ज्वारी एवढी थोडी का? मामा म्हणाला, ज्वारी हाताने काढावी लागते, काढणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. ऊस लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. मग विहिरीची पातळी किती खाली गेली ते त्याने दाखवलं. उजनी धरणाच्या पाण्यावर, उसावर, भाकरीच्या धान्यावर त्या तिघी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी वाद घालत होत्या. मामाचं सगळं म्हणणं मला पटलं नाही, त्यांनाही पटलं नाही. पण आपण खातो ती भाकरी कोणत्या अडचणीतून ताटात येते हे कळायला शिवारातच बसावं लागतं, आणि शिवारातली आगटी पौषाच्या थंडीतच पेटते. मेच्या सुट्टीत तिथं ढेकळं असतात.

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर वजनदार आहे त्याकडे येतो, कारण ग्रुपवर तेच कुणी नीट मांडलेलं नाही.

सोलापुरात नोकऱ्या नाहीत हे मला कुणी सांगायला नको. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, शहर तिच्या भोंग्यावर वाढलं, आणि मग एकेक गिरणी बंद पडत गेली. माझे आजोबा गिरणीत होते, वडिलांनी यंत्रमागावर आयुष्य काढलं, मी मास्तर झालो, मुलगी पुण्याला गेली. इथल्या हजारो घरांची चढण अशीच आहे. गेली बावीस वर्षं मी इथल्या एका महाविद्यालयात शिकवतो. पूर्व भागात विड्या वळून मुलाची फी भरणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. अशा आईच्या मुलाला सुट्टीत इंटर्नशिप मिळाली आणि तिच्यातून नोकरी लागणार असेल, तर 'घरी ये, हुरडा खा' असं त्याला सांगायचा अधिकार मला नाही. त्याने जरूर जावं.

पण सक्तीच्या वर्गाने त्याच्या हाती काय पडतं? त्या पंधरा दिवसांचा मोबदला नाही. उलट वसतिगृहाचे नाहीतर खोलीचे पैसे, मेसचे पैसे, आणि बऱ्याचदा वर्गाची वेगळी फी. घरी आला असता तर तो खर्च वाचला असता, आणि मागावर चार दिवस वडिलांना हात लागला असता तो वेगळाच. ज्याला खरी संधी मिळाली आहे त्याला सक्ती लागत नाही, तो आपणहून जातो. सक्ती लागते ती ज्यांच्यासाठी खरी संधी उभी करता आलेली नाही त्यांना हजेरीपटावर बसवायला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला अभ्यासक्रमातच श्रेयांक आहेत. मग ते सत्राच्या दिवसांत करून घ्या. अभ्यासक्रमाचं काम सुट्टीच्या खात्यावर का लिहायचं?

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे, आणि तो मला एका विद्यार्थिनीने ऐकवला. ती म्हणाली, 'सर, तुमच्या घरी सुट्टी असेल. आमच्या घरी मी गेले की आईची कामवाली सुटते.' सकाळच्या भाकरीपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सगळं तिच्याकडे येतं, भाऊ मित्रांबरोबर सात रस्त्याला फिरायला जातो, आणि सुट्टीतला एक रविवार हमखास मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा असतो. तिला वसतिगृहाची खोली म्हणजे मोकळा श्वास वाटतो. संस्काराच्या नावाने मुलांना घरी बोलावणाऱ्यांनी याचं उत्तर दिलेलं नाही, आणि माझं आधीचं वर्णनही तिच्यासमोर उणं पडतं, हे मी मान्य करतो. माझ्या मुलीने आईची बादली उचलली, याचं कौतुक मी वर केलं. मी ती का उचलत नव्हतो हा प्रश्न त्या विद्यार्थिनीमुळे मला पडला. म्हणून माझ्या मागणीत एक भर घालतो : सुट्टीत वसतिगृहं बंद करू नका. ज्यांना राहायचं आहे त्यांना राहू द्या, ग्रंथालय उघडं ठेवा, मेस निम्म्या पानांवर का होईना चालू ठेवा. घरी जाणं ही सक्ती झाली तर तीही वाईटच. पण एका घरात मुलीला सुट्टी मिळत नाही म्हणून सगळ्यांची सुट्टी काढून घेणं हा उपाय होत नाही. वर्ग सक्तीचा केल्याने तिच्या भावाच्या हाती लाटणं येणार नाही, आणि तिचं स्थळ पंधरा दिवस पुढे ढकललं जाईल एवढंच.

तिसरा आक्षेप सोलापूरच्याच अभिमानातून येतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथं १९१० साली जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. घरी परतले नाहीत, तरी भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण पाहुण्यांना दाखवतो. मग मोठं व्हायचं तर गाव मागे टाकावंच लागतं ना? प्रश्न रास्त आहे. गाव सोडण्याला माझी हरकतही नाही. मी स्वतः मुलीला पुण्याच्या गाडीत बसवलं आहे. पण कोटणीस गेले ते युद्धात जखमी होणाऱ्यांसाठी. अनोळखी माणसाचं दुखणं आपलं वाटायला आधी ओळखीच्या माणसांचं दुखणं जवळून पाहिलेलं असावं लागतं, असं मला वाटतं. ती सवय कुठं लागते, याचा विचार करून मग बोलावं.

राहिला वेळ वाया जाण्याचा मुद्दा. हा फार जुना आहे आणि गिरणगावाने तरी तो ओळखायला हवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार ठरावीक तारखेच्या आत. रविवारच्या सुट्टीसाठी आणखी सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि १८९१च्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आज आपण सगळे तो रविवार उपभोगतो. त्या रविवारी काय करणार याचा आराखडा आधी सादर करा, अशी अट कामगारांना घातली असती तर? काहींनी तो दारूत घालवला असेल, बऱ्याच जणांनी झोपेत. आणि त्याच रविवारांतून तालमी, भजनी मंडळं, मेळे, कामगारांच्या सभा उभ्या राहिल्या. वेळ मोकळा मिळाला म्हणून त्या उभ्या राहिल्या. गिरणीतल्या माणसाला विनाअट दिलेला विश्वास आपण आपल्या शिकलेल्या मुलाला नाकारतो आहोत, हे मला सहन होत नाही.

नाताळच्या सुट्टीचंच बघा. इंग्रजांनी ती आपल्या सणासाठी आणली. कोर्ट-कचेऱ्या आणि कॉलेजं त्या आठवड्यात बंद असत. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधी जमले. खरं तर ते पुण्याला व्हायचं होतं, पटकीमुळे मुंबईला हललं. पुढेही वर्षानुवर्षं अधिवेशनं डिसेंबरअखेर होत राहिली, कारण वकील, शिक्षक, विद्यार्थी तेव्हाच मोकळे असत. न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ पासून त्यालाच जोडून भरू लागली. राज्यकर्त्यांच्या सणाची रिकामी जागा या देशातल्या लोकांनी आपल्या कामाने भरली. ती जागा कुणी सक्तीच्या वर्गाने बुजवली असती तर काय झालं असतं?

आता तारखांविषयी. हा भाग रुक्ष आहे, पण खरी मेख इथंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार वर्षात ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस, प्रत्यक्ष अध्यापन झालं पाहिजे. प्रवेश, परीक्षा धरून बाकीचे आठवडे उरतात, आणि महाविद्यालयांसाठी त्यातले दहा सुट्टीचे आहेत. तेव्हा 'दिवसच बसत नाहीत' हे उत्तर मला मान्य नाही. दिवस बसतात, ते कुठं ठेवायचे हा निर्णय असतो, आणि तो घेताना मुलं कुठून आली आहेत हे कुणी विचारत नाही. पुण्याच्या कॉलेजांत सोलापूर, धाराशिव, लातूरची मुलं हजारोंनी आहेत. सुट्टी ४ जानेवारीच्या आसपास संपते. आमच्याकडे तेव्हा अजून काही सुरूही झालेलं नसतं.

१२ जानेवारी हा इथं हुतात्मा दिन. गांधीजींना अटक झाल्यावर मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, शहरावर मार्शल लॉ लादला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. चौघे एका शहराचे. त्यांच्याच नावाच्या गाडीने आमची मुलं पुण्याहून येतात आणि त्यांचा दिवस उजाडायच्या आठवडाभर आधी निघून जातात.

त्याच दिवसांत सिद्धरामेश्वरांची यात्रा सुरू होते. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याने लोकांच्या श्रमातून तलाव खणला, आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे. त्या लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, होम मैदानावर होमविधी, मग दारूकाम. नंदीध्वजाच्या सात काठ्या, वेगवेगळ्या समाजांच्या मानाच्या. ती उंच काठी तोल सांभाळत, माणूस बदलत मैलोनमैल नेणं हे एका दिवसात जमत नाही. महिनाभर आधीपासून रात्री सराव चालतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा बारावीपर्यंत सरावाला जात होता. पुण्याला गेल्यापासून तो डिसेंबरअखेर येतो, दहा दिवस सराव करतो, आणि काठी उचलायची वेळ येते तेव्हा तिकडे सत्र सुरू झालेलं असतं. तीन वर्षं असंच. गेल्या वर्षी तो म्हणाला, 'काका, आता बाराबंदी धाकट्याला देऊन टाकली.' बाराबंदी म्हणजे काठी धरताना घालायचा पांढरा अंगरखा. मी सश्रद्ध आहे की नाही हा इथं प्रश्न नाही. चार भाषा बोलणारं हे शहर वर्षातून एकदा एका रस्त्यावर, पांढऱ्या कपड्यांत, एकमेकांचा तोल सांभाळत चालतं. ते पाहायला आणि त्यात खांदा द्यायला आपली विशी-बाविशीतली मुलं नसतील, तर पुढे या शहराच्या पाण्यासाठी, बंद गिरण्यांच्या जमिनींसाठी, नोकऱ्यांसाठी भांडायला ती कोणत्या ओढीने येतील? ज्याचे दहा-वीस दिवस इथं मोठं माणूस म्हणून गेले नाहीत, त्याच्यासाठी सोलापूर म्हणजे आधार कार्डावरचा पत्ता उरतो.

स्वायत्त महाविद्यालयांना वेळापत्रक स्वतः ठरवता येतं. त्यांनी सुट्टी एक आठवडा उशिरा सुरू करून मकरसंक्रांतीच्या पुढे न्यावी, त्यासाठी लागणारा जास्तीचा आठवडा हवा तर उन्हाळ्यातून वळता करावा. खान्देशातल्या, कोकणातल्या मुलांना वेगळ्या तारखा हव्या असतील. त्यांच्याकडून विचारून घ्यावं, चार दिवसांची ऐच्छिक रजा द्यावी. हे अशक्य आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी निदान मुलांना एकदा विचारून पाहावं.

कॉलेजने या रविवारी पालकांची सभा ठेवली आहे. मी पहाटेच्या गाडीने जाणार आहे. सक्ती काढा, वसतिगृह उघडं ठेवा, सुट्टी पुढे सरकवा, एवढं बोलायला मला पाच मिनिटं पुरतील. सभेत काय ठरेल माहीत नाही. मुलीने अक्षता पाहिल्याला तीन वर्षं झाली. तिने यंदा रजेचा अर्ज स्वतःच लिहिला आहे, कारण सरळ लिहिलं आहे : 'गावची यात्रा'. आणि परतीचं तिकीट १७ जानेवारीचं काढलं आहे.